मोलोकिनी: ज्वालामुखीच्या वाटीत तोंड खाली घालून

हवाई बेटांवरच्या ट्रिपचे फोटो टाकले तेव्हापासून दोनच प्रश्न येतायत. एक, शार्क होते का. दोन, पाणी खरंच एवढं निळं आहे की फिल्टर मारलायस. शार्कचं लगेच सांगून टाकते, तिथे व्हाइटटिप रीफ शार्क असतात, दिवसा खडकाच्या कपारीत सुस्त पडलेले असतात आणि माणसांत त्यांना काडीचा इंटरेस्ट नसतो, आम्हाला एकही दिसला नाही, आई म्हणाली देव पावला. पाण्याचं उत्तर मात्र लांबलचक आहे, ऑफिसमध्ये डबा खाताना सांगायला घेतलं तर अर्ध्यातच सगळे हात धुवायला उठले, म्हणून इथे लिहितेय.

तर जागा म्हणजे मोलोकिनी. हवाईमधल्या माउई बेटापासून चार-पाच किलोमीटरवर भर समुद्रात चंद्रकोरीच्या आकाराचा एक खडक वर आलाय. खडक कसला, ज्वालामुखीच्या तोंडाची उरलेली कड आहे ती. विवराची अर्धी कड पाण्याच्या वर आणि बाकीची पाण्याखाली, म्हणजे एका बाजूने टवका उडालेली वाटी समुद्रात बुडवून ठेवली तर कशी दिसेल तसं, आणि आपण पोहायचं ते त्या वाटीच्या आत, स्नॉर्कलिंग करत, म्हणजे डोळ्या-नाकावर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, तोंड पाण्यात घालून तरंगत. वरच्या कडेची जास्तीत जास्त उंची ४९ मीटर. आपली अंधेरीची गिल्बर्ट हिल साठ मीटर आहे, ती पण लाव्हाचीच, आणि वय म्हणाल तर गिल्बर्ट हिल साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आणि मोलोकिनी जेमतेम २ लाख ३० हजार वर्षांची पोर. म्हणजे वय आणि उंची दोन्हीत अंधेरी जिंकली. फक्त गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी टॉवर आहेत आणि मोलोकिनीच्या पायथ्याशी मासे, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडचा दख्खनचा लाव्हा मुख्यतः वाहत आला आणि थरावर थर साचत गेला, घाटात जाताना डोंगरांच्या पायऱ्या दिसतात ना, त्या तशाच झाल्या. मोलोकिनीचं वेगळं झालं. माउईवर हालेआकाला नावाचा तीन हजार मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे, त्याच्याच एका फाट्यातून उकळता रस समुद्राच्या पाण्यात बाहेर पडला, पाण्याची एका झटक्यात वाफ झाली आणि स्फोट, मग परत स्फोट, आणि रसाची राख होऊन तोंडाभोवती गोल साचत गेली. ती राख घट्ट होऊन जो दगड झाला त्याला टफ म्हणतात. बोट जवळ गेली की कड्यावर ते राखेचे तिरके थर उघड्या डोळ्यांनी दिसतात, पिवळट तपकिरी, हात लावला तर भुगा होईल असे. हात लावता येत नाही म्हणा, वर उतरायला बंदी आहे, पक्ष्यांचं अभयारण्य आहे ते. तिथल्या लोकांची गोष्ट अशी की मोलोकिनी ही एक देखणी बाई, ज्वालामुखीची देवी पेले हिला तिचा मत्सर वाटला आणि तिने तिचे दोन तुकडे करून दगड केला. एक तुकडा हा आणि डोकं म्हणजे समोर माउईच्या किनाऱ्यावरची टेकडी. देवादिकांची भांडणं सगळीकडे सारखीच.

आता पाणी. आपल्याला लहानपणापासून एकच उत्तर पाठ असतं, मुंबईचा समुद्र घाण म्हणून काही दिसत नाही आणि परदेशातला स्वच्छ म्हणून दिसतो. अर्धं खरं आहे, सांडपाण्याचं मी काही वेगळं सांगायला नको, माहीमच्या खाडीवरून रोज ट्रेनने जाते मी. पण नुसती घाण साफ केली तर गिरगाव चौपाटीला खाली तीस मीटरवरचे मासे दिसतील का, तर नाही दिसणार. आपला समुद्र मुळात गाळाचा आहे. खाड्यांतून माती येते, किनारा लांबपर्यंत उथळ आहे, आणि अमावास्या पौर्णिमेला भरती ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे एवढं पाणी रोज दोनदा आत येतं दोनदा बाहेर जातं आणि तळाचा चिखल ढवळत राहतं. हवाईत भरती ओहोटीचा फरक जेमतेम दोन-तीन फूट. त्यात मोलोकिनीवर ना नदी ना ओढा, वर माती अशी नाहीच फारशी, त्यामुळे धुऊन यायला काही नाही. चारी बाजूंनी खोल समुद्र. आणि ती चंद्रकोर लाटा अडवते, बाहेरच्या खाडीतला जोराचा प्रवाह अडवते, म्हणून आत तळ ढवळला जात नाही. दिवस चांगला असेल तर ४०-४५ मीटरपर्यंत दिसतं असं म्हणतात आणि मी बघितलंय म्हणून सांगते, खोटं नाही. पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण तळ इतका स्पष्ट दिसतो की आपण पाण्यावर तरंगतोय असं वाटतच नाही, गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकल्यावर वाटतं ना, तसं पायात कसंतरी होतं.

बोटी बहुतेक सकाळच्या. उगाच लवकर उठवत नाहीत, दुपारकडे तिथे वारा सुटतो आणि मग त्या पट्ट्यात समुद्र इतका खवळतो की परत येताना निम्म्या लोकांचा नाश्ता वर. आम्ही माआलाया नावाच्या बंदरातून निघालो, उजाडत होतं, गारठा होता, ताई आणि भावोजी कॅलिफोर्नियाहून आलेले म्हणून त्यांना काही वाटत नव्हतं आणि आम्ही दोघं मुंबईचे, शाल आणली असती तर बरं झालं असतं असं बोलत बसलेलो. फेब्रुवारी होता. पाणी चोवीस अंशांच्या आसपास. आकडा ऐकून काही वाटत नाही, पण आपल्याला अठ्ठावीस-तीसच्या समुद्राची सवय, त्यामुळे भाड्याने मिळतो तो वेटसूटचा, म्हणजे गारठा अडवणाऱ्या रबरी सूटचा, वरचा भाग घ्याच, पंधरा मिनिटांनी दात वाजायला लागतात आणि मग मासे कुठले बघताय.

सनस्क्रीनची एक भानगड आहे ती जायच्या आधी वाचा. हवाई राज्यात ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, आणि माउईत तर २०२२ पासून फक्त मिनरलवालीच चालतात, म्हणजे झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइडची. कारण ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला बाधतात. मिनरलवालं लावलं की तोंड पांढरंफटक होतं, आमचे सगळे फोटो तसलेच आहेत. मला विचाराल तर लांब हाताचा स्विमिंगचा टीशर्ट घालावा आणि क्रीमचा विषयच मिटवावा.

मग भावोजींची मिशी. हे मी आधी कुठेच वाचलं नव्हतं आणि मराठी माणसाला सगळ्यात उपयोगी माहिती हीच असेल. मास्कची सिलिकॉनची कड चेहऱ्याला चिकटून बसली तरच पाणी अडतं, आणि नाकाखाली मिशी असली की कड केसांवर बसते आणि केसाकेसातून पाणी आत झिरपतं. भावोजींची मिशी चांगली घसघशीत. पाण्यात उतरले, दोन मिनिटांत नाकापर्यंत पाणी, वर आले, मास्क ओतला, परत खाली, परत पाणी. बोटीवरची मुलगी हसत हसत आली आणि मिशीला चोपडायला व्हॅसलिनसारखं काहीतरी देऊन गेली, मिशी चप्प बसवून वरून मास्क दाबला आणि मग बरंच थांबलं. पूर्ण नाही, पण बरंच. ताईचं म्हणणं होतं काढूनच टाका, पण तो विषय निघाला की भावोजी इंग्लिश बोलायला लागतात. मास्कच्या काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी फिरवायची आणि मग हलकं विसळायचं, हे ऐकून नवऱ्याने तोंड वाकडं केलं, पण बोटीवर स्प्रे होता त्यापेक्षा थुंकीच चालली.

आत काय दिसतं. प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंगठीतलं पोवळं येतं, लालचुटूक, मंगळाला शांत करणारं. ते पोवळं वेगळं, ते खोल अंधारात वाढतं. इथलं रीफचं प्रवाळ म्हणजे तपकिरी, पिवळट, शेवाळी, कुठे जरासं जांभळट, कारण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि रंग त्या शैवालाचा. ते शैवाल उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला खाऊ घालतं, म्हणून पाणी नितळ असणं एवढं महत्त्वाचं, गढूळ पाण्यात ऊनच पोचत नाही. पाणी फार तापलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं, हवाईत २०१४-१५ मध्ये तसं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. त्यामुळे ब्रोशरमधला गुलाबी-जांभळा बगीचा डोक्यात ठेवून गेलात तर पहिली पाच मिनिटं थोडं फसल्यासारखं वाटेल. रंग सगळे माशांवर आहेत.

आणि मासे, काय सांगू. आम्ही मासे खाणारी माणसं, मासा म्हणजे बाजारात कल्ला उचलून आत लाल आहे का बघायचं, डोळा खोल गेला असेल तर पुढच्या कोळिणीकडे जायचं, एवढीच ओळख. इथे तोच कल्ला हातभर अंतरावर उघडमीट करताना बघितला आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. एक पोपट मासा होता, निळा-हिरवा, हाताएवढा लांब, दात सगळे जुळून खरंच चोच झालेली. तो खडकावर तोंड आपटत होता आणि ते ऐकू येतं! कर्रर्र, कर्रर्र, कोणीतरी शेजारी बसून टोस्ट चावतंय. मी त्याच्या मागे मागे गेले, घाईत नव्हता, चार घास झाले की थोडं पुढे, परत चार घास, आणि मग मागून पांढऱ्या पावडरचा एक ढग सोडला त्याने. ती वाळू. खडकावरचं शैवाल खाताना प्रवाळाचा चुना पण पोटात जातो, तो घशातल्या दातांनी दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. हवाईच्या ज्या पांढऱ्या बीचवर लोक टॉवेल टाकून पडलेले असतात त्यातली बरीचशी वाळू अशी आलेली आहे. हे मी नवऱ्याला तिथेच पाण्यात डोकं वर काढून सांगितलं, तर त्याला काहीही पटलं नाही, हॉटेलवर जाऊन गूगल केलं तेव्हा पटलं. दुसरे काळे ट्रिगरफिश, थव्याने फिरतात, लांबून पूर्ण काळे, जवळ आले की पंखाच्या मुळाशी निळसर पांढरी एक बारीक रेघ चमकते, ट्यूबलाइटसारखी. ते अगदी मास्कपर्यंत येऊन डोळ्यात डोळे घालून बघतात, बहुतेक पूर्वी लोकांनी खायला घातलेलं असणार त्याची आशा. कासवं म्हणाल तर ती आत नव्हती, परतीच्या वाटेवर मकेनाच्या किनाऱ्याजवळ दुसरा स्टॉप असतो तिथे दिसली, हिरवी समुद्री कासवं, त्यांच्यापासून दहा फूट लांब राहायला सांगतात.

पण मला जे सगळ्यात आवडलं ते बघायचं नव्हतंच. डोकं पाण्यात घातल्यावर सुरुवातीला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो, तोंडातल्या नळीतून खॉस खॉस, त्याची सवय झाली की मागे एक बारीक तडतड असते, आणि त्याच्याही मागे, खूप लांबून, एक आवाज येत होता. दार करकरत उघडावं तसा वर चढत जायचा, मग एकदम खाली, जाड, छातीत वाजेल असा. मला वाटलं बोटीचं इंजिन. श्वास धरून थांबले, परत आला, तोच सूर, तशीच चढण. हंपबॅक व्हेल! हिवाळ्यात ते अलास्काकडून माउईच्या उबदार पाण्यात येतात, पिल्लं इथेच होतात, आणि डिसेंबर ते एप्रिल नर असे गातात. पाण्यात आवाज इतका लांब जातो की व्हेल कित्येक किलोमीटर दूर असला तरी ऐकू येतो, तो आम्हाला दिसला नाहीच, दिसायची गरज पण नव्हती. मी बाकीचे मासे सोडून नुसती हात पसरून तरंगत राहिले. एकच ओळ परत परत, थोडी बदलून, आपल्याकडे एखादी बंदिश घोळवतात तशी, सम मात्र मला काही सापडली नाही. ताईने खांद्याला हात लावून वर बोलावलं तेव्हा कळलं की बोटीवर सगळे माझ्यासाठी थांबलेत.

आता कुरकुर. गर्दी भयंकर. आम्ही पोचलो तेव्हा आधीच बोटी लागलेल्या, आणि मग येतच राहिल्या. नांगर टाकून प्रवाळ फोडू नयेत म्हणून ठरलेल्या जागी बोया बांधल्यात, बोटी त्यालाच बांधायच्या, हे चांगलं आहे, पण माणसं एवढी की फिनची, म्हणजे पायात घालतात त्या वल्ह्यांसारख्या पंज्यांची, लाथ कधी कोणाची बसेल सांगता येत नाही. आमच्या बोटीवरचं जेवण म्हणजे थंडगार बर्गर, शाकाहारी म्हणून सांगितलेल्या एका बाईला त्यांनी नुसता पाव आणि चीज दिलं. घरून ठेपले न्या, चालतात.

गर्दीवर चिडले होते खरी, पण मग बोटीवरच्या पोरीने जे सांगितलं त्याने जरा गप्प झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने या खडकावर बॉम्ब टाकायची प्रॅक्टिस केली होती. त्यातले न फुटलेले काही बॉम्ब आत पडून राहिले, ते १९७५ आणि परत १९८४ मध्ये नौदलाने जागच्या जागी फोडले आणि त्यात बरंच प्रवाळ उडालं. लोक भडकले. मग हौशी डायव्हर लोकांनीच खाली जाऊन राहिलेले बॉम्ब शोधले आणि हाताने उचलून खोल पाण्यात नेऊन टाकले. बॉम्ब, हाताने! संरक्षित म्हणून ही जागा १९७७ मध्येच जाहीर झालेली. म्हणजे आज मी ज्यावर तरंगत माशांचं कौतुक करत होते ते प्रवाळ एवढं होऊन परत वाढलेलं. एवढ्या मार खाल्लेल्या जागेला आपल्या लाथांचं काय, असा विचार करून सोडून देता येत नाही मात्र, प्रवाळ वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतं, एक लाथ म्हणजे कित्येक वर्षांचं काम गेलं. म्हणून उभं राहायचं नाही, धरायचं नाही. मोलोकिनीत तसंही पाय टेकत नाहीत.

आणि हेच पोहता न येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं. लाइफ जॅकेट देतात, नूडल म्हणजे तरंगायला फोमची लांब काठी देतात, सगळं खरं, पण तळ खोल खाली दिसतोय आणि पाय टेकत नाहीत हे कळल्यावर घाबरायला होतं, आणि नळीतून घाबरा श्वास घेणं फार वाईट. हवाईत पर्यटक बुडून जातात त्यात स्नॉर्कलिंग करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि हातपाय मारून ओरडत नाही कोणी, नुसते पालथे तरंगत असतात, स्नॉर्कल करणाऱ्यासारखेच, म्हणून शेजाऱ्याला कळत पण नाही. जोडीने उतरा, दम लागला असं जरा जरी वाटलं तरी पाठीवर वळा आणि नळी काढा. पूर्ण तोंड झाकणारा मास्क मिळतो तो मला पटत नाही, त्यात गडबड झाली तर पटकन तोंडातून काहीच बाजूला करता येत नाही. आम्ही जायच्या आधी पालिकेच्या तलावात मास्क-नळी लावून सराव केला, लाइफगार्ड आधी ओरडला, मग म्हणाला मला पण बघू दे कसं असतं ते. ओआहू बेटावर असंच ज्वालामुखीचं फुटकं विवर आहे, हनौमा बे, तिथे किनाऱ्यावरून चालत उतरता येतं आणि आत उथळ आहे, नवख्यांना ते सोपं, फक्त ऑनलाइन बुकिंग आधी करावं लागतं, आत जायच्या आधी सक्तीने एक व्हिडिओ दाखवतात, आणि सोमवार मंगळवार बंद. उथळ म्हणून बिनधास्त राहू नका, बुडतात तिथेही.

एवढ्या लांब जाऊन मासे बघून आलीस, असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. प्रवाळ आपल्या मुंबईत आहे. खरंच आहे, मरीन ड्राइव्हला, हाजी अलीला, वरळीला, गढूळ पाण्यात तग धरून. कोस्टल रोडच्या कामात येत होतं म्हणून २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीकडचं काही प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावलं, वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाएवढंच संरक्षण आहे म्हणून परवानगी काढावी लागली. इथे स्नॉर्कल लावून उपयोग नाही, नाकासमोरचा हात दिसणार नाही, पण ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हा चालत जाऊन बघता येतं. मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले २०१७ पासून असे शोअर वॉक घेतात. परत आल्यावर गेले मी एकाला, हाजी अलीजवळ, रबरी सोलचे बूट घालून, वास म्हणाल तर होताच, आणि एका डबक्यात नाण्यांएवढी हिरवी फुलं उमलल्यासारखं काहीतरी होतं, बोटाची सावली पडली की मिटत होतं. झोअँथिड म्हणतात त्यांना, प्रवाळाचे चुलत भाऊ. मागे बेस्टची बस हॉर्न वाजवत होती. मोलोकिनीत हे बघितलं असतं तर दहा फोटो काढले असते.

आणि ज्यांना नळी लावूनच बघायचंय त्यांना तारकर्ली आहे, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर नेतात, पावसाळ्यात बंद असतं, दिवाळीनंतर पाणी निवळायला लागतं, डिसेंबर जानेवारीत बरं दिसतं. मोलोकिनीसारखं दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवते. आम्ही येत्या थंडीत जायचं म्हणतोय, आई पण येणार आहे, पाण्यात नाही उतरणार, होडीत बसून राहीन म्हणाली, आणि दुपारी मालवणात जेवायचं कुठे ते तिने आत्ताच ठरवून टाकलंय.